गेटपासची मागची बाजू

"मॅडम, तुम्ही फक्त सही करा," चेअरमन म्हणाले.

समोर टाइप केलेला कागद होता. 'तांत्रिक तपासणीअंती असे निदर्शनास आले की, संस्थेचे कर्मचारी श्री. शांताराम भदाणे यांनी सभासदाचा पासवर्ड त्रयस्थ व्यक्तीस पुरविला.' खाली माझं नाव, त्याखाली सहीसाठी रेघ. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी लॅपटॉप अजून पिशवीतून काढलाही नव्हता.

"तपासणी झालेली नाही," मी म्हटलं.

"मग करा की. चहा येईपर्यंत होईल ना?"

श्री. शांताराम भदाणे त्याच खोलीत होते. दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर टोपी ठेवून बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. मूळचे शिंदखेड्याकडचे, पण तीस वर्षं रावेरला केळी उत्पादकांच्या संस्थेत हेडक्लार्क. महिनाअखेरीला रिटायर होणार होते. शाल-नारळाचा कार्यक्रम ठरला होता, पत्रिका छापायला गेली होती. ती छापखान्यातच थांबवायला सांगितलं आहे, असं चेअरमननी मला नानांच्या देखत सांगितलं.

मी जळगावात राहते आणि सर्व्हरच्या देखभालीची कामं घेते. दवाखाने, कॉलेजं, अशा दोन-चार संस्था. सर्व्हर म्हणजे कपाटात ठेवलेला, कधी बंद न करायचा कॉम्प्युटर, एवढं समजलं तरी पुरे. त्यातला एक सर्व्हर फक्त ओळख पटवायचं काम करतो. तुम्ही मोबाईलवर नाव आणि पासवर्ड टाकता, तो आपल्याकडच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि आत सोडतो किंवा सोडत नाही. थोडक्यात, दारावरचा वॉचमन. फरक एवढाच की हा वॉचमन चेहरा ओळखत नाही. पासवर्ड बरोबर असेल तर तो एखाद्या भागवतला भागवत म्हणतो आणि भागवतच्या शेजाऱ्यालाही भागवतच म्हणतो.

या संस्थेचं एक ॲप आहे. केळी कापणीला आली की सभासद त्यावर कटाईचा नंबर लावतो. त्या दिवशी संस्थेची टोळी शेतात येते, घड उतरवते, माल पॅकिंगला जातो. नंबर महत्त्वाचा, कारण केळी थांबत नाही. माल हिरवा असतानाच उतरवावा लागतो. आठ दिवस उशीर झाला तर घड झाडावर पिवळा पडायला लागतो आणि बाहेरगावी पाठवायच्या लायकीचा राहत नाही.

भागवत भाऊ नावाच्या सभासदाचं तेच झालं होतं. ठरल्या दिवशी टोळी आली नाही. त्यांनी ऑफिसात फोन केला तर नंबर रद्द झालेला, आणि तोही त्यांच्याच लॉगिनमधून. नंबर रद्द झाला त्या दिवशी तर त्यांनी मोबाईलला हातसुद्धा लावला नव्हता. रिकामा झालेला नंबर मिळाला प्रल्हादला. प्रल्हाद हा नानांचा सख्खा साडू.

चेअरमनचा हिशेब सरळ होता. पासवर्ड नानांकडे आणि फायदा साडूला.

आता पासवर्ड नानांकडे कसे, हे सांगायला हवं. ॲप बनवून घेताना चेअरमननी अट घातली होती की सभासदाने विचारला तर त्याला त्याचा पासवर्ड सांगता आला पाहिजे. शेतकरी माणूस, विसरणारच. ॲप बनवणाऱ्यांनी अट शब्दशः पाळली. सर्व्हरमध्ये अकराशेच्या वर सभासदांचे पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवले, आणि नानांच्या कॉम्प्युटरवर ते पाहायला एक पान दिलं. शेतातून फोन यायचा, "नाना, माझा पासवर्ड काय हाये?" नाना चष्मा लावायचे आणि वाचून दाखवायचे. दिवसाला वीस-पंचवीस फोन. संस्थेला ही सेवा वाटायची. सभासदही खूश होते.

नाना माणूस पोटात ठेवणारा. कुणाचा पासवर्ड बैलाचं नाव, कुणाचा मुलीचं. एका सभासदाने चेअरमनना दिलेली शिवी पासवर्ड म्हणून ठेवली होती, आणि नाना ती त्याला दर पंधरवड्याला फोनवर, चेअरमन शेजारी बसलेले असताना, हळू आवाजात वाचून दाखवत. कमलअक्का म्हणून एक म्हाताऱ्या सभासद होत्या. त्यांचा पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव. मुलाने फॉर्म भरताना ठेवलं होतं. अक्का नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्या काठी टेकत ऑफिसात येऊन म्हणायच्या, "नाना, त्यायचं नाव घाला," आणि नाना घालायचे. यातलं काहीही त्यांनी कधी कुठे बोलून दाखवलं नव्हतं. मला कळलं तेही त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून सर्व्हर पाहताना.

कारण दोन वर्षांपूर्वी मीच हा सर्व्हर तपासला होता. तेव्हा रिपोर्टमध्ये, पान सातवर, लिहिलं होतं की पासवर्ड वाचता येतील असे साठवणे धोकादायक आहे. रिपोर्ट दिला, बिल दिलं, जळगावला परत आले. पान सात कुणी वाचलं का, हे विचारलं नाही. रिपोर्ट दिला की आपलं काम संपलं असं मला तेव्हा वाटायचं.

असो. मी लॅपटॉप काढला आणि लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोण आलं, कधी आलं, कुठून आलं, हे तो आपणहून लिहून ठेवतो. मंगळवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं, भागवत भाऊंच्या नावाने लॉगिन. मोबाईलवरून. पासवर्ड पहिल्या झटक्यात बरोबर. दोन मिनिटांनी नंबर रद्द. आणखी तीन मिनिटांनी त्याच मोबाईलवरून प्रल्हादच्या नावाने लॉगिन, आणि तोच नंबर प्रल्हादला.

"म्हणजे प्रल्हादनेच केलं," मी म्हटलं. "त्याच्याच फोनवरून."

"आणि आम्हाला सांगतो, मी फक्त रिकामी जागा दिसली ती घेतली," चेअरमन म्हणाले. "बरं. त्याला पासवर्ड दिला कोणी?"

"ते लॉगमध्ये नसतं."

"पासवर्ड पाहू शकतं कोण कोण?"

"नाना."

"अजून?"

"सर्व्हर तपासताना मी."

"तुम्ही दिला?"

"नाही."

"मग राहिलं कोण?"

मी नानांकडे पाहिलं. ते टोपीकडे पाहत होते. मी त्यांना सोडवायला म्हणून लॉग उघडला आणि गाठ आणखी आवळून ठेवली. मंगळवारी अकराला नाना इथेच, संचालकांच्या मीटिंगचं प्रोसिडिंग लिहीत होते, असं मी मीटिंगची वही पाहून सांगितलं. चेअरमन म्हणाले, फोनवर सांगायला कितीसा वेळ लागतो. ते खरंच होतं. या माणसाने चोरी केली हे मला सिद्ध करता येत नव्हतं आणि केली नाही हेही येत नव्हतं. अकराशे चाव्या एकाच माणसाच्या हातात दिल्या की कुठल्याही चोरीत त्याचं नाव येणारच.

"चारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"चारला पोलीस स्टेशनला अर्ज जाईल," चेअरमन म्हणाले. "तुमच्या सहीसकट गेला तर बरं."

दुपारी नाना त्यांच्या टेबलावर डबा न उघडता बसले होते. माझं माहेर धुळ्याचं आहे, हे त्यांना माहीत होतं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ते आपल्या अहिराणीवर आले.

"ताई, बठ्ठासना पासवर्ड माले दिसतस, हाई खरं शे. पन एकबी मी कोनले सांगेल नही. मन्ही मायनी आन."

"आईची शपथ नको, नाना. प्रल्हादने तुम्हाला विचारला होता?"

"नही. त्याले माहीत शे, मी देवाव नही."

"लाईट गेल्यावर काय करता? तेव्हा तर कॉम्प्युटर बंद."

आमचे हे दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला आहेत, त्यामुळे लाईटचा प्रश्न मी कुठेही विचारते. नानांनी कमरेची किल्ली काढून ड्रॉवर उघडला. आत अकराशे नावांची छापील यादी, नावापुढे पासवर्ड. दर सोमवारी ते ताजी प्रिंट काढत, म्हणजे लाईट नसली तरी सभासदाची अडचण होऊ नये. ड्रॉवरला कुलूप, कुलपाची किल्ली करगोट्याला. त्यांनी यादी मला दाखवली आणि पुन्हा कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

गेल्या सोमवारच्या यादीचं काय होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पंचवीस वर्षं या धंद्यात काढली आणि तो एक प्रश्न त्या दिवशी सुचला नाही.

तीन वाजले. मला काहीही सापडलं नव्हतं. बाहेर जाऊन जरा चहा घ्यावा, मग चेअरमनना 'सही करत नाही' एवढंच सांगावं, असं ठरवून मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाले. गेटवर रशीदभाईंनी अडवलं. रशीदभाई संस्थेचे वॉचमन. आत येणारी-जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती केळीची ट्रॉली असो की माणसाची पिशवी, त्यांच्या चिठ्ठीशिवाय हलत नाही.

"मॅडम, लॅपटॉप बाहेर जाता है तो पास लगेगा."

"दहा मिनिटांत परत येते, रशीदभाई."

"तो परत येताना भी लगेगा."

त्यांनी कागदाच्या गठ्ठ्यातला एक चतकोर तुकडा ओढला, त्यावर 'लॅपटॉप, नग १, मॅडम' असं लिहिलं, खाली तारीख टाकून सही केली आणि माझ्या हातात दिला. मी चहाच्या टपरीवर बसले. चहा गरम होता म्हणून कप त्या चिठ्ठीवर ठेवला. पुन्हा उचलला तेव्हा चिठ्ठी कपाला चिकटून उलटी झाली.

मागच्या बाजूला नऊ सभासदांची नावं होती. नावापुढे त्यांचे पासवर्ड. तिसरं नाव चेअरमनचं.

मी चहा तसाच ठेवून परत गेटवर आले.

"रशीदभाई, हा कागद कुठून येतो?"

"ऑफिस से. पाठकोरा है ना. नाना ट्रे में रखते, मैं काटता. एक के चार."

पाठकोरा म्हणजे एका बाजूला छापलेला आणि मागून कोरा कागद. आमच्याकडे असा कागद फेकणारा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या माहेरी किराणाच्या याद्या लग्नपत्रिकांच्या मागे लिहीत आणि माझे वडील पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवत. मीही घरी तेच करते. त्यामुळे जुनी यादी नाना फाडत असतील हे मी गृहीत धरणं म्हणजे माहेर विसरण्यासारखंच होतं.

"किती दिवसांपासून हे चाललंय?"

"साल तो हो गया. गेटपास का बुक खतम हुआ, नया छापा नहीं. साहब का सर्क्युलर है ना."

सर्क्युलर चेअरमनच्या खुर्चीच्या मागे, बोर्डावरच लावलेलं होतं. सकाळपासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. 'कागदाची बचत करण्यासाठी एका बाजूने छापलेल्या सर्व कागदांची कोरी बाजू वापरात आणावी. आदेशावरून, चेअरमन.' नानांनी तीस वर्षांत एकही आदेश मोडलेला नव्हता. दर सोमवारी नवी यादी ड्रॉवरमध्ये कुलूपबंद व्हायची आणि जुनी यादी 'पाठकोरे' लिहिलेल्या ट्रेमध्ये जायची. तिथून रशीदभाईंच्या कात्रीखाली, आणि तिथून चार-चार तुकडे होऊन प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रकबरोबर गेटबाहेर. वर्षभर.

मी चिठ्ठी चेअरमनच्या टेबलावर ठेवली. आधी लॅपटॉपची बाजू वर. मग उलटली. त्यांनी वाचली. तिसऱ्या ओळीवर ते जरा जास्त वेळ थांबले.

"हे बाहेर गेलं?"

"रोज. प्रत्येक गाडीबरोबर."

"नाना," चेअरमन म्हणाले, "हे तुम्ही गेटवर दिलं?"

नाना उठून उभे राहिले. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. तोपर्यंत त्यांना खात्री होती की आपल्याकडून काही गेलेलं नाही. ती गेली.

"माझ्याच हातून गेलं, साहेब," ते म्हणाले. "कुलूप लावायचो मी. आणि कागद ट्रेमध्ये ठेवायचो."

"म्हणजे चूक यांचीच," चेअरमन माझ्याकडे वळले. "तेच तर म्हणत होतो."

इथे मला राग आला. एरवी क्लायंटसमोर मी राग दाखवत नाही, वर्षाचं काम जातं.

"साहेब, कागदावर लिहिलंय की नानांनी पासवर्ड पुरवला. पुरवला नाही. त्यांनी तुमचा आदेश पाळला. आदेश तुमच्या मागे लावलाय. आणि पासवर्ड वाचता येतील असे ठेवू नका, हे मी दोन वर्षांपूर्वी पान सातवर लिहिलं आणि तुमच्यासमोर बसून एकदाही तोंडाने सांगितलं नाही. अर्जात नावं घालायची तर तिघांची घाला. मी सही करते."

चेअरमननी मान वळवून सर्क्युलर वाचलं. स्वतःचं लिखाण माणूस इतकं लक्षपूर्वक वाचताना मी क्वचितच पाहिलं आहे. मग म्हणाले, "पण प्रल्हादला असाच मिळाला, याला पुरावा काय? नानांनीच सांगितला नसेल कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर रशीदभाईंनी दिलं. ते चिठ्ठीचं काय झालं ते पाहायला दारात येऊन उभे होते.

"साहब, उसकी चिठ्ठी उसके घर में होगी. तार पे."

इकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी भिंतीला एक आकडेवाली तार टांगलेली असते. बियाण्याची पावती, खताची पावती, वीजबिल, गेटपास, जे येईल ते तिच्यात खोचायचं. वरपर्यंत भरली की दुसरी तार. लागलं कधी तर असावं म्हणून. चेअरमननी प्रल्हादला फोन करून सांगितलं, गेटपासवर शिक्के मारायचे आहेत, सगळे घेऊन ये. प्रल्हाद पाऊण तासात मोटारसायकलवर आला. पावत्या सुट्या आणल्या नव्हत्या, अख्खी तारच आणली होती.

त्याने ती टेबलावर ठेवली. आम्ही वरून एकेक चिठ्ठी उलटून पाहायला लागलो. सातवी चिठ्ठी, त्या मंगळवारच्या आदल्या शनिवारची. पुढे 'केळी, ट्रॉली १, प्रल्हाद'. मागे भागवत भाऊंचं नाव, पुढे पासवर्ड, आणि त्याभोवती पेनने केलेला गोल.

दुसरीकडे माणूस पुरावा जाळतो म्हणे. आमच्याकडे तो तारेला लावतो.

प्रल्हादने गोलाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही.

"मी काही चोरी नही केली," तो म्हणाला. "चिठ्ठी खिशात होती. घरी पाह्यलं त मांगून भागवतचं नाव. टाकून पाह्यलं, खुललं. माझा माल तयार होता. त्याचा आठ दिवस दम धरीन, असं मले वाटलं."

"त्याला विचारलं होतं?" मी म्हटलं.

"इचारलं असतं त त्यानं नही म्हटलं असतं."

नाना पुढे आले. ते साडूला आपल्या बोलीत म्हणाले, "तू माले इचारं नही, हाई एक बरं व्हयनं." आणि जाऊन आपल्या टेबलावर बसले. प्रल्हादने मान खाली घातली. दिवसभरात त्याला काही लागलं असेल तर ते हे.

चेअरमननी टाइप केलेला कागद उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. "आता याची गरज नाही," ते म्हणाले. नानांची माफी मागितली नाही. त्यांच्यासाठी चहा मागवला. नानांनी तो घेतला नाही. चहा निवून साय धरेपर्यंत टेबलावर होता आणि चेअरमन अधूनमधून त्याच्याकडे पाहत होते. शेवटी त्यांनी छापखान्यात फोन लावून पत्रिका पुढे छापा म्हणून सांगितलं. प्रल्हादचं प्रकरण संचालकांपुढे गेलं. पुढचे दोन हंगाम त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी, असं ठरलं. भागवत भाऊंचं समाधान झालं नाही. होण्यासारखं नव्हतंच, त्यांचा माल गेला तो गेला.

राहिलं माझं काम.

पासवर्ड कसा ठेवायचा, हे मी संचालकांना दळणावरून सांगितलं. ज्वारी दळली की पीठ होतं, पण पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. पासवर्डचंही तसंच करायचं. सभासदाने पासवर्ड दिला की सर्व्हरने तो दळायचा, फक्त पीठ ठेवायचं आणि दाणे टाकून द्यायचे. याला हॅश म्हणतात. पुढच्या वेळी सभासदाने पासवर्ड टाकला की तो पुन्हा दळायचा आणि पीठ जुळतंय का पाहायचं. जुळलं की आत सोडायचं. अख्खं पीठ चोरीला गेलं तरी दाणे कुठले होते ते सहज कळत नाही. आणि ही गिरणी मुद्दाम संथ ठेवायची, म्हणजे चोराने लाखो शब्द दळून जुळवून पाहायचं ठरवलं तर त्याचा जन्म जाईल.

"मग मीठ कशाला?" एका संचालकांनी विचारलं. मी आधी कागदावर 'सॉल्ट' लिहून दिलं होतं.

कारण दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तर पीठही सारखंच येतं. एकाचा कळला की दुसऱ्याचा आपोआप कळतो. म्हणून दळण्याआधी प्रत्येकाच्या दाण्यात वेगळी चिमूट टाकायची. हे त्यांना फार दूरचं वाटलं. तेव्हा मी सांगितलं की आपल्या दोनशे चौदा सभासदांचा पासवर्ड 'केळी@१२३' आहे. फॉर्म कसा भरायचा हे कळावं म्हणून ऑफिसने भिंतीवर एक नमुना फॉर्म लावला होता. त्यात तो पासवर्ड भरलेला होता. लोकांनी नमुन्याप्रमाणे भरला.

चेअरमन खिडकीबाहेर पाहायला लागले. त्यांचाही तोच होता.

शेवटची गोष्ट म्हणजे एक गुप्त किल्ली. पीठ एका मशीनवर आणि दळताना लागणारी ही किल्ली वेगळ्या मशीनवर, म्हणजे एक चोरीला गेलं तरी दुसरं हाती लागत नाही.

"ती किल्ली माझ्याकडे द्या," चेअरमन म्हणाले.

"देते. म्हणजे पुढच्या वेळी काही झालं तर संशय तुमच्यावर येईल."

त्यांनी थोडा विचार केला. "नको," ते म्हणाले.

नानांच्या कॉम्प्युटरवरचं ते पान मी काढून टाकलं. जुने बॅकअप पुसले. मग मी, नाना आणि रशीदभाई, तिघांनी मिळून संस्थेतले पाठकोरे कागद गोळा केले. वजनकाट्यावर सापडले, पॅकिंग शेडमध्ये सापडले, टपरीवाल्याकडे भज्यांखाली सापडले. रशीदभाईंनी ते बंबात घातले. दोन दिवस त्यांच्या घरी अंघोळीचं पाणी त्यावर तापलं.

मग अकराशे सभासदांना नवा पासवर्ड ठेवायला बोलावलं. स्वतःच्या हाताने टाइप करायचा, कोणाला सांगायचा नाही. नाना समोर बसायचे, नाव तपासायचे, कीबोर्ड सभासदाकडे सरकवायचे आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. सभासद 'झालं' म्हणाला की पुन्हा वळायचे. अकराशे वेळा. कमलअक्का आल्या तेव्हा त्या घाबरल्या होत्या. नानांनी त्यांना अक्षरं कुठे आहेत ते दाखवलं आणि भिंतीकडे वळले. अक्कांनी एका बोटाने बराच वेळ घेतला. शेवटी स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, "झालं हो नाना." काय ठेवलं ते कोणालाच माहीत नाही. मलासुद्धा नाही, आणि मी सर्व्हर पाहते.

निरोपाचा कार्यक्रम महिनाअखेरीला झाला. चेअरमननी भाषणात नानांच्या प्रामाणिकपणाबद्दल बरंच सांगितलं. ते चालू असतानाच नानांचा फोन वाजला. सवयीने त्यांनी उचलला. पलीकडून शेतातून कोणीतरी मोठ्याने बोलत होतं, पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं.

"नाना, माझा पासवर्ड काय हाये?"

"मला माहीत नाही," नाना म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, "मला माहीत नाही, भाऊ." त्यांनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. माझेही भरले होते. तीस वर्षांत संस्थेने त्यांना दिलेली सर्वांत चांगली गोष्ट ती होती, शालीसकट धरून.

कार्यक्रम संपल्यावर मी निघाले. गेटवर रशीदभाईंनी अडवलं. लॅपटॉप होता. त्यांनी चतकोर तुकडा ओढला, 'लॅपटॉप, नग १, मॅडम' लिहिलं, सही केली. मी तिथेच चिठ्ठी उलटली.

मागे छापलेलं होतं, 'यापुढे पाठकोरे कागद कोणत्याही कारणासाठी वापरू नयेत. आदेशावरून, चेअरमन.'

"जास्त छापे थे," रशीदभाई म्हणाले. "फेकने का क्या?"

मी चिठ्ठी पिशवीत टाकली. नवीन क्लायंट मला विचारतात की कर्मचाऱ्यांना पासवर्ड सांभाळायला कसं शिकवायचं. मी त्यांना सांगते, शिकवा, पण भरवसा ठेवू नका. ज्या कागदावर पासवर्ड छापता येतो, तो कागद एक दिवस गेटबाहेर जाणारच. म्हणून छापण्यासारखं काही आपल्याकडे ठेवूच नये. ती चिठ्ठी मी घरी आणली आणि आमच्या तारेला लावली.